दिवा लागला म्हणजे कपलर बसला असं नाही

प्रति,
देवगड-मालवण किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे संचालक, बोटमालक, तांडेल आणि बोटींचं वायरिंग करणारे माझे जोडीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

१ जूनपासून बोटी वर ओढलेल्या आहेत. कुणाची जाळी तुणायची चालली आहेत, कुणी तळाला रंग काढतोय, कुणाचं इंजिन उघडून ठेवलंय. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपेल आणि त्याआधीचे चार-पाच दिवस आम्हा वायरमन लोकांना जेवायला फुरसत मिळणार नाही. प्रत्येकाला आजच पाहिजे असतं. एका केबिनमध्ये गुडघे मोडून बसलो असतानाच शेजारच्या बोटीवरून हाका सुरू होतात. या चार-पाच दिवसांत कपलर, म्हणजे वायरींची दोन टोकं एकमेकांत बसवून जोडणारे प्लॅस्टिकचे जोड, बसवायचं जे काम घाईने होतं, त्याबद्दल हे पत्र आहे. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सहा सिलिंडर इंजिनाची फायबर बोट, वर सात माणसं, दोन दिवस मासेमारी करून परतत होती. रात्री दहाच्या सुमारास पॅनेल एकदम मेलं. माथ्यावरचा दिवा गेला, बाजूचे लाल-हिरवे गेले, जीपीएसचा पडदा काळा झाला, वायरलेस मुका झाला. जुन्या पंपाचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज नसते, म्हणून इंजिन तेवढं चालत राहिलं. अमावास्येच्या आसपासचे दिवस. मोठ्या जहाजांची ये-जा असलेल्या पट्ट्यात ही बोट एकही दिवा नसलेली. बोट हाकणाऱ्या तांडेलने देवगडच्या दीपगृहावर नजर ठेवून ती आणली. पुढे नाळीवर एक पोरगा हातात टॉर्च धरून पहाटेपर्यंत उभा होता. त्या पोराचं वय तेव्हा एकोणीस होतं.

सकाळी मला बोलावलं. पॅनेलच्या मागे हात घातला, काळी टेप कापली आणि मुख्य कपलर हातात आला. बारा पिनांचा. मेल-फिमेल, म्हणजे त्याचे दोन अर्धे भाग, एकमेकांत होते, पण दोघांच्या कडांमध्ये दोनेक मिलिमीटर फट. लॉकची जीभ खाचेत पडलेली नव्हती, खाचेच्या काठावर नुसती टेकलेली होती. आत हिरवा कळंक. प्लसची पिन तर अर्धी खाल्लेली.

तो कपलर मीच लावला होता. टेपही मीच गुंडाळली होती. २९ जुलैचा दिवस होता, केबिनच्या दारात मालक उभे होते आणि म्हणत होते, "ता बसलाहा, टेप मार नि ये भायर." मी दिवे लावून बघितले, सगळे लागले. वायरलेसवर शेजारच्या बोटीला हाक मारली, तिकडून उत्तर आलं. पैसे घेतले आणि पुढच्या बोटीवर गेलो. मालकांना मी दोष देत नाही. त्यांना आतलं दिसत नव्हतं. मला दिसायला हवं होतं.

सगळे दिवे लागले, वायरलेस बोलला, तरीही कपलर बसलेला नव्हता, हे कसं होतं ते आधी नीट समजून घेऊया. कपलरमध्ये दोन गोष्टी एकामागून एक घडतात. आधी पिना एकमेकींना भिडतात. त्यानंतर आणखी काही मिलिमीटर आत गेल्यावर रबराचं सील दाबलं जातं आणि लॉक टिक करून पडतं. म्हणजे वीज आधी सुरू होते, कुलूप नंतर लागतं. या दोहोंच्या मधल्या जागी कपलर थांबला तर दिवे पूर्ण लागतात, मीटरवर चोवीस व्होल्ट दिसतात, बंदरात सगळं ठीक असतं. पण पिन टोकाशी जेमतेम भिडलेली, सील दाबलेलंच नाही आणि धरून ठेवणारं कुलूप नाही. आपल्या तांडेलांचं एक बोलणं असतं, "बंदरात चलता, दर्यात बंद पडता." ते वायरिंगला नशिबाचा खेळ समजून बोलतात. पण यात नशीब काही नाही. दर्यात दोन गोष्टी जास्त असतात, थरथर आणि खारं पाणी.

थरथरीचा हिशेब करून बघा. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं. १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे असताना, मिनिटाला ४५०० वेळा, तासाला २ लाख ७० हजार वेळा. दहा तासांच्या फेरीत २७ लाख हादरे. प्रत्येक हादऱ्याला ढिली पिन केसाच्या जाडीहून कमी हलते, पण हलते. आपल्या घरातल्या पितळी भांड्यांना कल्हई असते, तशीच बहुतेक पिनांना कथलाची पातळ कल्हई असते. पिन घासत राहिली की ती कल्हई खरवडली जाते, तिची काळी भुकटी होते आणि ती भुकटी वीज अडवते. घट्ट बसलेल्या, लॉक झालेल्या कपलरमध्ये पिना जवळजवळ हलतच नाहीत, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की कळंकतं. इथे आंबटाच्या जागी समुद्र आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात बघितलेलं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाळाभर, आणि समुद्रावर तर बाकीच्या दिवसांतही बऱ्याचदा, हवा तेवढी दमट असते. म्हणजे कपलरमध्ये एकदा खारं पाणी शिरून सुकलं तरी काम संपत नाही. मीठ आतच राहतं आणि रोज रात्री पुन्हा ओलं होतं. दोन पिनांमध्ये चोवीस व्होल्ट आणि मध्ये ओलं मीठ असलं की प्लसची पिन हळूहळू विरघळत जाते. त्या ऑक्टोबरात मला जी अर्धी खाल्लेली पिन मिळाली, ती अशीच संपली होती. कपलरच्या पाकिटावर आयपी ६७ लिहिलेलं असतं. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाणार नाही, असा त्याचा अर्थ. पण हे वचन पूर्ण बसलेल्या कपलरचं आहे. सील दाबलं गेलेलं नसेल तर तो साधा प्लॅस्टिकचा डबा आहे. उलट इंजिनजवळ तो तापतो, वरून लाटेचा शिडकावा आला की गार होतो आणि गार होताना आतली हवा आकसून पाणी आत ओढून घेतो.

आगीचं भय वेगळं सांगायला नको. ढिल्या जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा आला आणि दहा अँपिअर जात असले, तर त्या एका टोकावर पन्नास वॅट उष्णता तयार होते. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या सोल्डरिंग आयर्नइतकी. फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. फायबरच्या केबिनमध्ये, डिझेलच्या वासात, टेपखाली गुंडाळलेलं सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवायला आपल्यापैकी कोण तयार होईल?

माझ्या जोडीदारांनो, आता तुमच्याशी बोलतो. वयाने, अनुभवाने तुमच्यातले काही माझ्याहून मोठे आहेत. तेव्हा हे शिकवणं समजू नका, एका माणसाने आपली चूक दाखवून केलेली विनवणी समजा.

कपलर लावताना वायरला धरून ढकलू नका, दोन्ही घरांना, म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन्ही भागांना, धरून ढकला. टिक आवाज आला पाहिजे. इंजिन चालू असेल, भोवती ग्राइंडर चालू असतील तर आवाज ऐकू येणार नाही. तेव्हा अंगठा लॉकवर ठेवा, टिक बोटाला कळते. मग उलटं ओढा. लॉक न दाबता, सरळ, बेताच्या जोराने. बसलेला कपलर हलणार नाही. न बसलेला निम्म्या वेळा हातात येईल, आणि तो आत्ता जेटीवर हातात आलेला बरा. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात फट बघा. बऱ्याच चांगल्या कपलरना लाल किंवा पिवळी दुसरी पट्टी असते. आपल्यात कितीतरी जण ती आडवी येते म्हणून काढून फेकतात. ती पट्टी साक्षीदार आहे. आतलं पहिलं लॉक पूर्ण पडल्याशिवाय ती सरकतच नाही, अशीच तिची रचना केलेली असते. सरकत नसेल तर तिला स्क्रू-ड्रायव्हरने ठोकू नका, कपलर पुन्हा काढून बघा.

आणि मागची बाजू विसरू नका. घरं नीट बसली तरी एखादी पिन आपल्या खोबणीतून मागे सरकलेली असते. पिन घालताना तीही टिक करते. प्रत्येक वायर मागून एकेक करून हलकेच ओढून बघायला बारा वायरींना एक मिनिट लागत नाही.

लॉकची जीभ तुटली असेल तर तो कपलर बाद. केबल टाय लावून त्याचं आयुष्य वाढवू नका. केबल टाय वायरींना आवळतो, दोन घरांना आत ढकलून धरत नाही. टेपने तर आणखी वाईट होतं, फट झाकली जाते आणि पुढच्या माणसाला दिसत नाही. मी आता कपलरवर टेप लावतच नाही. आतून ग्रीस लावायचं असेल तर सिलिकॉनचंच लावा. इंजिनाच्या ग्रीसने काही रबरी सीलं फुगतात आणि मग कपलर बसता बसत नाही.

वायरलेसच्या अँटेनाचा जोड मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्या गोल चकतीला आटे असतात. चकती हाताने फिरते, घट्ट झाल्यासारखी वाटते आणि आपण सोडून देतो. पण आतल्या कडेला बारीक दात असतात आणि समोरच्या सॉकेटच्या कडेवर त्यांच्यासाठी खाचा. दात खाचेत बसले नाहीत तर चकती दातांच्या टोकावर आवळली जाते. चार दिवस बोट हलली की दात आपोआप खाचेत घसरतात आणि चकती ढिली पडते. म्हणून एका हाताने केबलचं डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने चकती आवळायची. दात बसले की हातातलं डोकं गपकन स्थिर होतं. हा जोड ढिला असला तरी शेजारच्या बोटीशी बोलणं होतं, कारण ती पन्नास फुटांवर असते. खरी गरज पडते ती किनाऱ्यापासून दूर, चॅनेल १६ वर मदत मागताना. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण मोबाईलची रेंज जिथे संपते तिथून पुढे ही चकतीच आहे.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. एका वायरीतल्या बारीक तारांपैकी एकच तार भिडलेली असली तरी मीटर पूर्ण चोवीस दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. दिवे, पंप, सगळं चालू करा आणि मग कपलरच्या अलीकडे-पलीकडे मीटरच्या पिना लावून त्या जोडावर किती व्होल्ट पडतात ते बघा. चांगल्या जोडावर जवळजवळ काहीच पडत नाही. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो जोड उघडायचा, मग मालक घाई करोत की रागावोत.

कुणी म्हणेल, लहान बोटींचं ठीक आहे, मोठ्या जहाजांवर असं थोडंच होतं. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोर बंदरातून निघालेलं 'डाली' नावाचं मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाज जवळजवळ तीनशे मीटर लांब, कोलंबोला निघालेलं, आणि त्यावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय. आदळण्याआधी जहाजाची वीज दोनदा गेली होती. तिथल्या चौकशी मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष सांगितला, त्यात पहिल्या अंधाराचं मूळ एका सिग्नलच्या वायरीत निघालं. वायरीच्या टोकाला ओळखीसाठी लेबल चढवलेलं होतं. ते इतकं पुढे आलं होतं की टोक टर्मिनलच्या खोबणीत पूर्ण शिरलंच नाही. स्प्रिंगने ते वरवर धरून ठेवलं आणि एका रात्री ते सुटलं. हे वाचलं तेव्हा मी दुकानात बसून बराच वेळ माझ्या हातातल्या वायरीकडे बघत होतो. आपल्या किनाऱ्यावरची किती मुलं जहाजांवर आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्यातला एखादा त्या इंजिनरूममध्ये असू शकला असता.

आता संस्थांच्या संचालकांना माझं मागणं. आपण हंगामाआधी लाईफ जॅकेट बघता, परवाने बघता, डिझेलचे कागद बघता. त्यात हे एक काम जोडा. प्रत्येक बोटीला पहिल्या फेरीआधी अर्धा दिवस फक्त जोडण्या तपासायला द्या. तपासणाऱ्यासोबत त्याच बोटीवरचा एक माणूस असू दे, तांडेल असला तर उत्तम. वायरमनने लावायचं आणि दुसऱ्याने ओढून बघायचं. लावणाऱ्याच्या हाताला स्वतःचं काम नेहमी पक्कंच वाटतं, म्हणून दुसरा हात हवा. ओढून बघितलेल्या कपलरवर रंगाच्या पेनने दोन्ही घरांवरून एक आडवी रेघ मारा. पुढे कधी रेघ तुटलेली, सरकलेली दिसली की वायरिंगमधलं काही न कळणाऱ्या खलाशालाही समजेल की इथे कुणीतरी हात घातला आहे किंवा जोड सुटतो आहे.

दुसरं, संस्थेच्या दुकानात बर्फ-डिझेल, दोर, बोयांसोबत चार प्रकारचे सीलबंद कपलर, सुट्या पिना, रबरी सीलं आणि वायरीवर पिना चेपायची एक बरी क्रिंपिंगची पक्कड ठेवा. तुटक्या लॉकवर टेप मारण्याचं निम्मं कारण हेच की २९ जुलैच्या संध्याकाळी नवा कपलर आणायला कोल्हापूरला कोण जाणार. ही पक्कड संस्थेची असली तर आमच्यातले नवे मुलगेही साध्या पक्कडीने पिना चेपणं सोडतील.

मालकांनो, या अर्ध्या दिवसाची मजुरी तुम्हाला द्यावी लागेल. ती मागायला मला संकोच वाटत नाही. जाळ्याच्या एका तुकड्याला जेवढे पैसे जातात त्याहून ही कमी आहे. आणि केबिनच्या दारात उभे राहाल तेव्हा "झाला काय?" असं विचारू नका, "ओढून बघितलंस काय?" असं विचारा. एवढ्या एका प्रश्नाने आमचा हात थांबतो. त्या दिवशी मला कुणी हे विचारलं असतं तर मी नक्की ओढून बघितलं असतं.

तो टॉर्च धरून उभा असलेला पोरगा आता दुसऱ्या बोटीवर आहे. गेल्या हंगामात त्या बोटीचं काम करायला गेलो तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि मी लावलेला प्रत्येक कपलर त्याने स्वतः ओढून बघितला. एकोणतीस कपलर होते. दोन हातात आले.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी जेटीवर हत्यारं घेऊन येतो आहे. पहिल्या तीन बोटी मजुरी न घेता सगळ्यांसमोर तपासून दाखवीन. वायरिंग करणाऱ्या मुलांनी आपापले मीटर आणावेत, तांडेलांनी नुसते हात घेऊन यावं. पाऊस असला तर बर्फाच्या कारखान्याच्या पडवीत बसू.

आपला,
देवगड बंदरातला बोटींचा वायरमन